‘शिकस्त’ कोणत्या फाइलीत ठेवायची?

उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी उर्दू-मराठी शब्दसंग्रह संगणकावर करायचा, तर युकिहिरो मात्सुमोतो यांची रुबी हौशी माणसाला सोपी पडते. पण पहिला आराखडा बहुधा असा होतो: एक क्लास उर्दूशब्द, दुसरा मराठीशब्द, आणि दोघांनाही एकमेकांची गरज. उर्दूची फाइल पहिल्याच ओळीत मराठीची फाइल रिक्वायर करते, मराठीची उर्दूची.

रुबी एकदा उघडायला घेतलेली फाइल पुन्हा उघडत नाही. उर्दूपासून सुरुवात केली की ती मराठीकडे जाते. मराठी परत उर्दू मागते, पण ती अर्धवटच उघडलेली असते. आता मराठीशब्दात मेथडच्या बाहेर कुठे उर्दूशब्दाचे नाव आले, तर तिथेच एरर. नाव मेथडच्या आत असेल तर काही बिघडत नाही, कारण मेथड चालते तेव्हाच ते शोधले जाते. आणि मराठीपासून सुरुवात केली तर हाच कोड सुरळीत चालतो! म्हणून हा दोष लपून राहतो.

काहीजण वर एक रिकामा क्लास लिहून ठेवतात. (पुढे त्याला सुपरक्लास दिला की नवी एरर.) रेल्समध्ये 2019च्या सहाव्या आवृत्तीपासून झाइटवर्क फायली लागतील तशा आणून देतो. एरर जाते, पण मला ते पुरेसे वाटत नाही. उद्या कोणी मराठी-गुजराती संग्रहासाठी मराठीची फाइल मागितली, तर उर्दूही गळ्यात पडणारच.

‘शिकस्त’ घ्या. उर्दूत तो पराभव, मराठीत प्रयत्नांची पराकाष्ठा. शब्द एकच, फारसीतला. ‘प्रयत्नांची शिकस्त केली’ हे वाचून आमचा मुलगा ‘प्रयत्न हरले’ असे लिहितो आणि त्याचे मार्क जातात. शब्दसंग्रहाने सावध करायचे ते इथेच. पण ही सूचना ठेवायची कुठे? उर्दूशब्दात ठेवली तर त्याला मराठी यायला हवी, मराठीशब्दात ठेवली तर उर्दू. ती सूचना एकट्या कुणाचीच नाही, दोघांच्या नात्याची आहे. म्हणून तिसरा क्लास करावा: जोडी. जोडीला दोन्ही शब्द माहीत असतात, शब्दांना जोडी माहीत नसते. रिक्वायर एकाच दिशेने होते. अर्थ मात्र मग शब्दाला न विचारता संग्रहाला विचारावा लागतो. चार ओळी वाढतात, वाढू द्याव्यात.

तपासायचे असेल तर इशारे चालू ठेवून रुबी चालवा, फिरून येणारी रिक्वायर ती स्वतः दाखवते. शिवाय प्रत्येक फाइल एकेकटी उघडून पाहा, आधी उर्दूची, मग मराठीची.