पेटीची घरगुती दुरुस्ती

पावसाळा संपून कोजागरी जवळ आली, कीं माळ्यावरची बाजाची पेटी खालीं येते आणि हटकून तिची एखादी पट्टी रुतलेली व एखादा सूर मुका झालेला आढळतो. आमच्या फुलसावंगीसारख्या गांवीं पेटीचा कारागीर मिळणें कठीण. म्हणून घरच्या घरीं काय करतां येतें, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे काय करूं नये, याविषयीं आज चार शब्द लिहीत आहों.

हें वाद्य मूळचें परदेशचें. पॅरिसच्या देबँ नांवाच्या कारागिरानें १८४२ सालीं त्याचें पेटंट घेतलें. मांडी घालून वाजवितां येईल अशी हातभात्याची पेटी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांनीं प्रचारांत आणिली. तिच्या पोटांत प्रत्येक सुराची एक पितळी चौकट असून तिला एका टोकास रिव्हेटनें पितळेची जीभ बसविलेली असते. भात्याचा वारा तेथून गेला म्हणजे जीभ थरथरते व नाद निघतो.

हत्यारें थोडींच लागतात: लहान पेचकस, मऊ ब्रश, चिमटा, पातळ पोलादी पातें, बारीक कानस आणि सरस. पट्टी रुतली असेल, तर बहुधा दमट हवेनें लांकूड फुगलेलें असतें. पेटी चार दिवस कोरड्या जागीं, पण उन्हांत नव्हे, ठेवावी. सूर मुका असेल, तर जिभेपाशीं धुळीचा कण अडकलेला असण्याचा संभव फार. झांकण काढून पातळ कागदाची पट्टी जिभेखालून अलगद ओढावी. भाता वारा धरीत नसेल, तर फटीवर पातळ चामडें सरसानें चिकटवावें.

येथवर कोणाहि गृहस्थानें करण्यास हरकत नाहीं. पुढें कानशीचा प्रश्न येतो. जिभेखालीं पोलादी पात्याचा आधार देऊन मोकळ्या टोकाशीं किंचित् घांसलें, तर जीभ हलकी होऊन सूर चढतो; रिव्हेटजवळ घांसलें, तर ती लवचीक होऊन सूर उतरतो.

ही युक्ति समजल्यावर आम्हांस मोह आवरला नाहीं. तंबोऱ्याशीं ताडून पाहतां आमच्या पेटीचा गांधार चढा वाटे. षड्ज २४० आंदोलनांचा धरला, तर शुद्ध गांधार ३०० चा होतो. पेटींतला मात्र सुमारें ३०२ चा असतो. हा दोष नव्हे, योजना आहे. कोणतीहि पट्टी षड्ज मानतां यावी म्हणून बारा सूर समान अंतरानें लाविलेले असतात. हें विसरून आम्हीं पांढरी एकचा गांधार, म्हणजे तिसरी पांढरी, घांसून उतरविली आणि मोठें समाधान पावलों.

पुढच्या गुरुवारीं देवळांत भजनास एक मुलगी पांढरी सहांत गावयास बसली. त्या षड्जाचा पंचम म्हणजे नेमकी तीच तिसरी पांढरी! उतरलेल्या पंचमाशीं त्या बिचारीचा गळा झुंजत राहिला आणि लोक म्हणाले, पोरगी बेसूर गाते. आम्हीं तेथें तोंड उघडलें नाहीं. दुसरे दिवशीं तिच्या वडिलांस जाऊन खरें तें सांगितलें. परंतु ऐकणारे आदले रात्रींच आपापल्या घरीं गेले होते. पुढें ती जीभ टोकाशीं घांसून सूर पुन्हां चढविला खरा, पण दोन्हीकडून झिजलेली ती जीभ कांहीं महिन्यांतच तुटली, आणि पेटी नागपुरास कारागिराकडे न्यावी लागली.

पियानोचा कारागीर किल्लीनें खुंटी फिरवून तार ताणतो; चुकलाच तर खुंटी उलट फिरवितो. तंबोऱ्याचेंहि तसेंच. पेटीच्या जिभेवरून गेलेलें पितळ मात्र परत येत नाहीं. म्हणून पेचकस आणि कागदाची पट्टी प्रत्येक पेटीवाल्या घरीं असावी. कानस मात्र जाणत्या कारागिराच्याच हातीं असूं द्यावी. आणि पेटीच्या साथीनें गाणारें मूल बेसूर वाटलें, तर त्यास बोल लावण्यापूर्वीं तंबोऱ्यावर त्याचा गळा एकवार अवश्य ऐकावा.