छापखाना होता, बाजार नव्हता

गॅलिलिओने उतरत्या फळीवरून गोळे सोडून पडणाऱ्या वस्तूंचे नियम शोधले, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण ते नियम ज्या ग्रंथात आहेत तो छापला कोठे, हे वर्गात कोणी विचारीत नाही. तो इटलीत छापला गेला नाही. १६३३ साली खटला होऊन गॅलिलिओ नजरकैदेत पडला आणि त्याच्या लेखनाला तिकडे छापखाना मिळेनासा झाला. मग हस्तलिखित देशाबाहेर गेले आणि दोन नव्या विज्ञानांवरचा हा संवादग्रंथ १६३८ साली हॉलंडमधील लायडन गावी एल्झेविर या पेढीने छापला. ग्रंथ तयार झाला तेव्हा गॅलिलिओची दृष्टी गेली होती.

माझे म्हणणे असे, की विज्ञानाच्या इतिहासात आपण शास्त्रज्ञाचे नाव घेतो आणि पुस्तकविक्याला विसरतो. त्यामुळे आपल्या मागासपणाची कारणेही चुकीची सांगतो.

आपल्याकडे छपाई उशिरा आली म्हणून विज्ञान उशिरा आले, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. गोव्याचे उदाहरण पाहा. तेथे छापखाना १५५६ सालीच उतरला. लायडनचे विद्यापीठसुद्धा त्यानंतरचे, १५७५ चे! आणि गोव्यात केवळ धार्मिक पुस्तकेच निघाली असेही नाही. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य तेथे राहत असे. त्याने हिंदुस्थानातील वनस्पती, औषधे, आंबा, हिंग, पटकीचा रोग यांवर स्वतः पाहून संवादरूपाने ग्रंथ लिहिला. तो १५६३ साली गोव्यातच छापला गेला. खिळे जुळवणाऱ्याने त्यात चुका मात्र भरपूर करून ठेवल्या.

मग काय झाले? क्लुसिअस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती एक प्रत पडली. त्याने लॅटिनमध्ये तिचा संक्षेप केला आणि १५६७ साली अँटवर्पच्या प्लांटिनने तो छापला. पुढे त्याच्या आवृत्त्या निघत गेल्या. युरोपातल्या वैद्यांना ओर्ता माहीत झाला तो बहुतांशी या संक्षेपामुळे. इकडे गोव्यात १५८० साली धर्मन्यायासनाने मेलेल्या ओर्ताची हाडे उकरून जाळली, आणि १६७४ नंतर तेथील छपाई बंद पडली, ती थेट १८२१ पर्यंत! याच भूमीत १६१६ साली फादर स्टीफन्सचे मराठी ख्रिस्तपुराण छापले गेले, तेही रोमन लिपीत.

यंत्र दोन्हीकडे सारखेच होते. मग डच लोकांकडे जास्तीचे काय होते?

तुम्ही अकोटचे असाल तर हे चटकन समजेल. कापूस पिकला म्हणजे पैसा आला, असे होत नाही. जिन लागते, गाठी बांधाव्या लागतात, अडत्या लागतो, माल वाहून नेणारा लागतो. पुस्तकांचेही तसेच. १५८५ साली अँटवर्प स्पेनच्या हाती पडले तेव्हा तेथील अनेक मुद्रक व व्यापारी उत्तरेकडे लायडन, अ‍ॅम्स्टरडॅम येथे गेले. तेथे जहाजे होती, कालवे होते, भांडवल होते. शिवाय प्रत्येक शहराचा कारभार वेगळा असल्यामुळे एका गावी अडलेले पुस्तक दुसऱ्या गावी निघू शके. पुस्तके बहुधा न बांधता, छापील तावांच्या स्वरूपात पाठवीत, आणि एक व्यापारी आपले ताव देऊन दुसऱ्याचे ताव घेई. रोख पैसा कमी लागे आणि दुकानात माल मात्र तऱ्हेतऱ्हेचा जमे. १५९९ साली एल्झेविर घराण्याच्या मूळ पुरुषाने एका ग्रंथसंग्रहाच्या लिलावाची यादी छापून काढली. कोणते पुस्तक कोठे मिळेल, हे कळणे हीसुद्धा लहान गोष्ट नव्हे.

तेथे सारे आलबेल होते, असे मात्र समजू नका. स्पिनोझाचा एक ग्रंथ १६७० मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला लेखकाचे नाव न घालता आणि छपाईचे गाव खोटे देऊन काढावा लागला, आणि १६७४ साली त्यावर बंदीही आली. आणि स्नेलची गंमत पाहा. प्रकाशाच्या वक्रीभवनाचा नियम त्याने १६२१ च्या सुमारास लायडनमध्येच शोधला. पण एवढे छापखाने शेजारी असताना गृहस्थाने तो छापलाच नाही! १६३७ साली देकार्तने त्याच गावी तो नियम छापून प्रसिद्ध केला; फ्रान्समध्ये आजही त्याला देकार्तचे नाव देतात.

आपली नागरी लिपीही या बाजारातून फिरून आली आहे. कोचीनचा डच अधिकारी व्हान रेड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ करविला. तो १६७८ पासून अ‍ॅम्स्टरडॅममध्ये बारा खंडांत निघाला. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन वैद्यांनी दिलेले कोकणी प्रमाणपत्र त्याच्या पहिल्या खंडात नागरी अक्षरांत छापलेले आहे. त्याच दशकात सुरतेच्या भीमजी पारेखांनी खटपट करून इंग्लंडहून मुद्रक आणविला, पण त्याला खिळे पाडता येईनात, आणि तो उद्योग तेथेच थांबला. पंडितांची विद्या होती, व्यापाऱ्याची हौस होती. त्यांना जोडणारी साखळी मात्र आपल्याकडे नव्हती.

ही साखळी तालुक्याच्या गावी आजही तुटलेली आहे, म्हणून हा इतिहास उगाळला. बाजारात गाईडांच्या थप्प्या दिसतात, पण विज्ञानाचे साधे मराठी पुस्तक मागितले तर दुकानदार मान हलवतो. छापणारे आज पुष्कळ आहेत. फोनवर हवे ते वाचता येते, असे कोणी म्हणेल. पण कोणते पुस्तक आहे हेच ज्याला माहीत नाही, तो शोधणार काय? शाळांच्या कपाटांत पुस्तके असतात, ती कुलपात असतात, आणि शेजारच्या शाळेला त्यांची यादीही माहीत नसते.

शिक्षकांना माझी सूचना अशी. अकोट तालुक्यातील चार-पाच शाळांनी आपापल्या विज्ञान-पुस्तकांच्या याद्या करून एकमेकींना द्याव्यात आणि दर तिमाहीला वीस-वीस पुस्तकांची पेटी बदलावी. याद्या विद्यार्थ्यांनीच कराव्यात: नाव, लेखक, साल आणि पुस्तक कशाविषयी आहे याची एक ओळ. पुस्तक हरवेल, या भीतीने ते कुलपात ठेवणाऱ्यांनी वर्षाला दोन-चार पुस्तके हरवणार हे आधीच हिशोबात धरावे.