दारू न पिणाऱ्यांचे यकृत

रोजेदार दारूला शिवत नाही आणि माळकरीही शिवत नाही. टेंभुर्णीत ही दोन्ही घरे एकमेकांच्या शेजारी नांदतात. सोनोग्राफीच्या कागदावर ‘फॅटी लिव्हर’ हे दोन शब्द आले की दोन्ही घरांत एकच प्रश्न विचारला जातो, ‘थेंबही घेत नाही, मग लिव्हर कसे बिघडले?’ लोक भलताच संशय घेतील म्हणून कुणी तो कागद कपाटात दडवतो. कुणी ‘ग्रेड वनच आहे, सगळ्यांनाच असते’ म्हणून विषय सोडून देतो. लाज असो की बेफिकिरी, वाया जातो तो वेळच. या आजारात वेळेचेच मोल सर्वांत जास्त आहे.

सगळ्यांनाच असते, हे म्हणणे अगदीच खोटे नाही. देशभरातील अभ्यास एकत्र करून 2022 साली जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात भारतातील प्रौढांपैकी सुमारे 38 टक्के लोकांच्या यकृतात चरबी असल्याचे दिसले. यातील बहुतेकांची चरबी चरबीच राहते. काहींच्या यकृताला मात्र सूज येते. सूज वर्षानुवर्षे टिकली की जखम भरताना कातडीवर जसा वण राहतो, तसे वण यकृतात पडू लागतात. डॉक्टर याला फायब्रोसिस म्हणतात. वण वाढत जाऊन यकृत कडक आणि गाठाळ झाले की तो सिरोसिस. या सगळ्या प्रवासात यकृत दुखत नाही. पोटात पाणी होते किंवा रक्ताची उलटी होते, तेव्हा घरच्यांना कळते.

वण कोणाला पडतात, हा खरा प्रश्न आहे. सर्वांत मोठा धोका टाइप 2 मधुमेहाचा. त्यानंतर पोटाचा घेर. भारतीय पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची 80 च्या वर गेली की सावध व्हावे. वजनकाटा ठीक दाखवत असला तरी सुटलेले पोट खरे बोलते, कारण आपल्याकडे किरकोळ अंगाच्या माणसांनाही हा आजार होतो. वाढलेला रक्तदाब, रक्तातील वाढलेली चरबी, पन्नाशीनंतरचे वय, स्त्रियांत पाळी गेल्यानंतरचा काळ, तंबाखूचे धूम्रपान आणि घरात कुणाला झालेला सिरोसिस, ही पुढची कारणे. काहींच्या जनुकांतच हा कल असतो. हिपॅटायटिस बी किंवा सी सोबत असेल, तर यकृतावर दुहेरी मार बसतो. ‘कधीतरीच’ घेतलेली दारूही या यादीतून सुटत नाही. यातील दोन-तीन गोष्टी एकाच माणसात जमल्या, तर ‘ग्रेड वन’ या शब्दाने निर्धास्त होऊ नये. सोनोग्राफीची ग्रेड चरबी किती आहे ते सांगते. वण किती आहेत, हे ती सांगत नाही.

ते ओळखायला पहिल्या पायरीवर महागडे यंत्र लागत नाही. एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या तपासण्या साध्या लॅबमध्ये होतात. त्यात वय घातले की ‘फिब-4’ नावाचा आकडा निघतो. वयाला एसजीओटीने गुणायचे आणि एसजीपीटीचे वर्गमूळ गुणिले हजारांतील प्लेटलेट, या गुणाकाराने भागायचे. समजा, 54 वर्षांच्या माणसाची एसजीओटी 38, एसजीपीटी 36 आणि प्लेटलेट 1 लाख 60 हजार आहेत. रिपोर्टवर तिन्ही आकडे ‘नॉर्मल’च दिसतील. पण हिशेब मांडला तर उत्तर येते 2.14. हा आकडा 1.3 च्या खाली असेल तर मोठ्या वणांची शक्यता कमी असते. 2.67 च्या वर गेला तर तज्ज्ञ गाठलाच पाहिजे. मधल्यांनी यकृताचा कडकपणा मोजणारी फायब्रोस्कॅन तपासणी करून घ्यावी. पासष्टीनंतर खालची मर्यादा 1.3 ऐवजी 2 धरतात.

केंद्र सरकारने 2021 मध्येच फॅटी लिव्हरचा समावेश मधुमेह, रक्तदाब आणि कर्करोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. तिशीपुढच्या लोकांची माहिती भरताना आशाताई कंबरही मोजतात. आता पुढचे पाऊल टाकायला हवे. मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाचा हा आकडा सरकारी दवाखान्यात काढला जावा आणि खासगी लॅबनेही तो रिपोर्टवर छापावा. हा हिशेब मोबाइलवर मिनिटभराचा आहे.

उरते ते घरातले काम. टेंभुर्णीच्या चहूबाजूंना ऊस आहे, तरी साखर जपूनच खायला हवी. साखरेतला अर्धा भाग फ्रुक्टोज असतो. तो मुख्यतः यकृतच पचवते आणि जास्त झाला की त्याची चरबी करते. दिवसभराच्या रोज्यानंतर लाल सरबताचे दोन ग्लास, भजी, समोसे आणि वर कोला घेतला, तर दिवसाची कमाई तासाभरात जाते. एकादशीला तुपातली साबुदाणा खिचडी आणि तळलेले वेफर्स खाणाऱ्यांचा हिशेबही वेगळा नाही. एक-दोन खजूर, पाणी, फळे, मोड आलेली कडधान्ये, भाकरी आणि उजनीचा मासा तळण्याऐवजी रश्शात, एवढा बदल पुरेसा मोठा आहे. पाच टक्के वजन घटले तरी यकृतातली चरबी उतरते, सात ते दहा टक्क्यांनी सूज ओसरते आणि दहाच्या पुढे गेल्यास वणही मागे हटू शकतात. ऐंशी किलोच्या माणसासाठी दहा टक्के म्हणजे आठ किलो. हे वजन सहा महिने ते वर्षभरात हळूहळू उतरवावे. ‘लिव्हर साफ’ करणाऱ्या पुड्यांच्या नादी लागू नये, त्यातल्या काहींनीच यकृत बिघडते.

एक इशारा महत्त्वाचा आहे. ज्यांना सिरोसिस झाला आहे, त्यांच्या शरीराला एका रात्रीचा उपवासही निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपाशीपणासारखा जाणवतो आणि स्नायू झिजतात. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर रोज्यात एकदम उतरू शकते. अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजा किंवा निर्जळी धरू नये. आजाऱ्याला रोज्यातून सवलत कुरआननेच दिली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही.

ईदच्या शीरखुर्म्याची वाटी शेजारी जाईल आणि जावीच. ती थोडी लहान असावी, साखर थोडी कमी असावी. त्यासोबत एक प्रश्नही शेजारी जावा, ‘तुमचा तो सोनोग्राफीचा कागद पुन्हा कुणाला दाखवला का?’