बांधीतली गोळी थांबते कुठे?

परवडेल अशी, दुर्बीण बसवलेली बोल्ट रायफल कोणती घ्यावी, असा प्रश्न भंडारा जिल्ह्यातले परवानाधारक आम्हाला वारंवार विचारतात. कुणी चितळासाठी विचारतो, कुणी रानडुकरासाठी. ज्यांच्या बांध्या कोका अभयारण्याला किंवा उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याला लागून आहेत, त्यांना हा प्रश्न हौसेपोटी पडलेला नाही. लोंबीवर आलेला धान एका रात्रीत आडवा झालेला पाहणारा माणूस बंदुकीचा विचार करणारच. पण आमचे उत्तर त्याला आवडेल असे नाही.

चितळाचे आधी सांगून टाकू. त्याच्यासाठी कोणत्याही किमतीची, कोणत्याही बोअरची रायफल योग्य नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकार बंद आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर चितळ दुसऱ्या अनुसूचीत आहे. रानडुक्कर आणि रोहीही त्याच अनुसूचीत आहेत, मग त्यांना वेगळा न्याय का, असे काहीजण विचारतात. कलम ११ नुसार या अनुसूचीतला प्राणी उभ्या पिकाला धोका ठरला, तर कारणे नोंदवून लेखी परवानगी देता येते. आपल्या राज्याने ही वाट रानडुक्कर आणि रोही यांच्यापुरती मोकळी केली आहे. चितळाने रोवणी चरली तर करायचे ते एवढेच, की वनविभागाकडे तातडीने अर्ज द्यायचा, पंचनामा करून घ्यायचा आणि भरपाई मागायची. भरपाईच्या यादीत हरीण आहे. रक्कम अपुरी आणि उशिरा मिळते ही तक्रार खरी आहे, पण तिचे उत्तर काडतुसात नाही. शिवाय नागझिरा-कोका पट्ट्यात चितळ कमी झाले तर वाघ आणि बिबट गोठ्याकडे वळणार, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

आता डुक्कर. इथेही दुर्बिणीच्या रायफलचा मोह आम्हाला चुकीचा वाटतो.

बाजार पाहा. परदेशी बंदुकांची सर्वसामान्यांसाठीची आयात १९८०च्या दशकातच थांबली, त्यामुळे जुन्या घराण्यांतल्या माउझर आणि मॅनलिकर हातोहात फिरतात नि दरवेळी महाग होतात. बहुतेकांसाठी उरते ती इशापूरच्या कारखान्याची .३१५. लष्करी .३०३ काडतूस नागरिकांच्या हाती पडू नये, या इंग्रजी धोरणामुळे हा बोअर आपल्याकडे रुजला. तिचा सांगाडा ली-एनफील्डचा आहे आणि तो दुर्बिणीसाठी घडवलेलाच नाही. माउंट बसवायचा म्हणजे पोलादात भोके पाडून आटे कापायचे. परवाना असलेल्या, हात बसलेल्या कारागिराखेरीज कुणी ते करू नये. त्यावर एअरगनसाठी बनलेली स्वस्त दुर्बीण चढवली, तर .३१५ च्या धक्क्याने ती काही फैरींतच शून्य, म्हणजे नेमाची जुळणी, सोडते. डोळा जवळ टेकवणाऱ्याची भुवई फुटते ती वेगळीच. आणि डुक्कर येते रात्री, तीस-चाळीस मीटरांवर. तिथे नऊपट मोठे दिसून काय साधणार? काळ्या वर्तुळात काळा केस दिसतो, डोके कुठले नि पुठ्ठा कुठला हे कळत नाही.

खरी अडचण मात्र जमिनीची आहे. आपल्या बांध्या सपाट, पाण्याने भरलेल्या, आणि पलीकडे कुठेतरी टोली, तलावाची पाळ किंवा जागलीला बसलेला दुसरा शेतकरी. उभ्याने झाडलेल्या गोळीचा हिशेब करून बघा. नळी जमिनीपासून १.४ मीटर, डुकराचा खांदा ०.४ मीटर, अंतर ६० मीटर. म्हणजे साठ मीटरांत गोळी एक मीटर उतरते. डुक्कर चुकले किंवा गोळी आरपार गेली, तर ती आणखी चोवीस मीटरांवर एका अंशापेक्षाही कमी कोनात पाण्याला टेकते आणि तिथून उसळते. सोळा ग्रॅमच्या आसपास वजनाची ही गोळी किलोमीटरभर पलीकडेही जीव घेऊ शकते. तीच नळी मचाणावर, जमिनीपासून ४.४ मीटर उंच न्या आणि चाळीस मीटरांवर नेम धरा. आता उतार दहास एक होतो आणि गोळी जनावरामागे चार मीटरांवरच जमिनीला भिडते, उसळण्याचा धोका कमी होतो. दुर्बिणीचे पैसे बांबू आणि बल्ल्यांत घाला, असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

शस्त्र कायद्याचाही कल याच बाजूला आहे. १९५९च्या कायद्यातले कलम १३ पीक संरक्षणासाठी भरमार बंदुकीचा परवाना सांगते, आणि ती पुरेशी नाही असे परवाना अधिकाऱ्याला पटले तर वीस इंचांपेक्षा आखूड नसलेल्या गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक. रायफलचे तिथे नाव नाही. बारा बोअरची चांगल्या अवस्थेतली जुनी एकनळी किंवा दुनळी, एल.जी. किंवा एस.जी.ची काडतुसे, बंदुकीला घट्ट बसणारी बॅटरी आणि तीस मीटरांची मर्यादा. एवढ्यावर काम होते. विकत घेताना नळीत दिवा धरून खड्डे पाहा, दुनळीची बिजागरी हलवून पाहा. नंतर वापरणार तीच काडतुसे कागदावर मारून छऱ्यांचा पसारा मोजा. मर्यादा पुस्तक ठरवत नाही, तो कागद ठरवतो. हे न करणारेच जखमी डुक्कर मागे सोडतात, आणि सकाळी त्याच्या समोर येते ती निंदणाला निघालेली बाई.

कागदपत्रांत कुणी ढिलाई करू नये. मारलेले रानडुक्कर ही सरकारची मालमत्ता असते. त्याचे मटण वाटले की परवानगी असूनही गुन्हा होतो. निवडणुकीच्या काळात शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघतात. २०२४च्या विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला, धान पिकायच्या तोंडावर लागली होती. कुणाची शस्त्रे जमा करायची हे ठरवणाऱ्या छाननी समितीने पीक संरक्षणाचे परवाने अशा वेळी वेगळे धरावेत, ही आमची मागणी आहे.

एकेका शेतकऱ्याने बंदूक घ्यावी, या मार्गाबद्दलच मुळात आम्ही साशंक आहोत. केरळने २०२२ मध्ये स्थानिक संस्थांच्या प्रमुखांना रानडुकराबाबत अधिकार दिले आणि परवानाधारक नेमबाजांची यादी करून त्यांच्याकडून काम करवून घेण्याची सोय केली. लाखांदूर किंवा साकोली तालुक्यात अशी वीसेक जणांची, सरावाची परीक्षा दिलेली यादी वनपरिक्षेत्र कार्यालयात लागली, तर नव्या शंभर परवान्यांपेक्षा ती उपयोगी पडेल. कुंपणात वीज सोडण्याचे प्रकारही कमी होतील. त्या तारेत डुक्कर सापडते, तसा वाघ सापडतो आणि शेजारीही सापडतो.

ज्यांच्याकडे .३१५ आधीच आहे, त्यांनी ती विकायची गरज नाही. दुर्बिणीशिवाय, मागे मातीचा भराव असलेल्या चांदमारीवर ती शून्य करून घ्यावी. अशा यादीसाठी पहिली नावे त्यांचीच लागतील.