‘उपवर्ग’ की ‘पोटवर्ग’?

प्रवेश-अर्जापासून सरकारी परिपत्रकापर्यंत ‘सब-कॅटेगरी’ हा इंग्रजी शब्द आता सर्वत्र रुळला आहे. तो वापरणाऱ्या कित्येकांच्या मनात मात्र ‘सब’ म्हणजे कनिष्ठ, असा अर्थ घर करून बसलेला असतो. लॅटिनमध्ये ‘सब’ म्हणजे ‘खाली’, हे खरे; परंतु वर्गीकरणात त्याचा अर्थ मोठ्या वर्गाच्या कक्षेत, एवढाच घ्यावयाचा. तेथे प्रश्न पायरीचा नसतो, व्याप्तीचा असतो.

मराठीने हा अर्थ अधिक नेमका टिपला आहे. पोटकलम, पोटनियम, पोटहिस्सा हे शब्द पाहावेत. पोटकलम हे कलमाहून हलके नसते. ते त्याच्या पोटात असते. याउलट ‘उपाध्यक्ष’, ‘उपसंचालक’ यांतील ‘उप’ दुय्यमपणा सुचवतो. तोच ‘उपवर्ग’ या शब्दात आला की गैरसमजाला वाट मिळते. पोटजातींतही उच्चनीचता मानली गेली, असे कोणी म्हणेल. पण तो दोष समाजाचा, शब्दाचा नव्हे.

पोटवर्ग ओळखण्याची कसोटी सोपी आहे. मोठ्या वर्गाचे लक्षण त्यात पूर्णपणे असावे आणि वर काही विशेष असावा. प्रत्येक बैलगाडी ही गाडीच असते, म्हणून तो गाडीचा पोटप्रकार. चाक हा गाडीचा केवळ अवयव. वैशेषिकांनी ‘सत्ता’ हे पर आणि ‘द्रव्यत्व’ हे अपर सामान्य मानले, तेही कमीअधिक व्याप्तीच्याच अर्थाने.

हा नुसता शब्दांचा कीस नव्हे. २००४ साली चिन्नय्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जाती हा एकसंध वर्ग मानून राज्यांनी त्यात पोटभेद करणे अवैध ठरविले. १ ऑगस्ट २०२४ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने ती भूमिका मोडीत काढली. महाराष्ट्रात तर विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या ११ टक्के आरक्षणाची अ, ब, क, ड अशी अनुक्रमे ३, २.५, ३.५ व २ टक्के वाटणी पूर्वीपासूनच आहे. या वाटणीमुळे कोणी मूळ वर्गाबाहेर गेलेले नाही.

पोटभेदाने समाजाची एकजूट ढिली होईल, ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही. तिचे उत्तर आकडेवारीनेच द्यावे लागेल; न्यायालयानेही तीच अट घातली आहे. परंतु या वादात ‘पोटवर्ग’ म्हणजे ‘खालचा वर्ग’ असे समजून कोणी बोलू नये. अर्जावरील त्या रकान्यासाठी ‘पोटवर्ग’ हा सरळ शब्द योजला, तरी निम्मा गैरसमज दूर होईल.