विश्लेषण : मूर्तींची मागणी घटली, की चतुर्थीच पुढे गेली?

पेणच्या एखाद्या गणेशमूर्ती कारखान्याने ऑगस्ट २०२६ मधील मोबाइल जाहिरातींचा अहवाल ऑगस्ट २०२५ शी ताडून पाहिला, तर त्यात खाली वळलेला लाल बाण दिसण्याची शक्यता मोठी आहे. फोन कमी, व्हॉट्सॲपवरची विचारणा कमी, नोंदणीही कमी. पण त्यात जाहिरातीचा दोष असेलच असे नाही. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आली होती, २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला आहे. २०२५ ची शेवटच्या तीन आठवड्यांची सगळी धावपळ ऑगस्टमध्ये बसली. २०२६ ची बरीचशी सप्टेंबरमध्ये जाणार. बाण खरा, आकडेही खरे, अर्थ मात्र चुकीचा. त्या अर्थावर विसंबून कोणी ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात जाहिरात बंद केली, तर गिऱ्हाईक ऐन शोधाशोधीत असताना कारखाना दिसेनासा होईल.

अहवाल हवा तसा मांडून देणारी साधने आज फुकट मिळतात. अडचण अशी की बहुतेक जण ती हवी तशी मांडतच नाहीत. साधनाने आधीच मांडून दिलेले पान उघडतात आणि त्यालाच आपला हिशेब समजतात.

ही साधने नेमके काय करतात?

गूगलचे ‘डेटा स्टुडिओ’ २०१६ मध्ये आले आणि २०२२ मध्ये त्याचे नाव ‘लुकर स्टुडिओ’ झाले. गूगलवरील जाहिरातींचा खर्च, संकेतस्थळावर आलेल्यांची संख्या आणि स्वतः भरलेली गूगल शीट हे सारे त्यात एका पानावर आणता येते. कोणता रकाना घ्यायचा, कोणता गाळायचा, आलेख महिन्याप्रमाणे काढायचा की गावाप्रमाणे, हे आपण ठरवायचे. फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या जाहिराती मेटाच्या ‘ॲड्स मॅनेजर’मधून चालतात. तिथेही रकाने बदलून आपली मांडणी जपून ठेवता येते. मेटाचे आकडे लुकर स्टुडिओत आपोआप आणून देणाऱ्या त्रयस्थ सेवा बहुतेक पैसे घेतात. छोट्या कारखान्याला त्यांची गरज नाही. आठवड्यातून एकदा फाइल उतरवून शीटमध्ये चिकटवली तरी काम भागते.

आधीच मांडलेल्या पानात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. वेळ इंग्रजी महिन्यांनी मोजायची, हे पहिले. आणि यश म्हणजे काय, हे जाहिरात विकणाऱ्या कंपनीने ठरवायचे, हे दुसरे. पेण आणि रोहा या दोन्ही ठिकाणी ही गृहीतके धंद्याशी जुळत नाहीत, आणि दोन्हीकडे न जुळण्याची कारणे वेगळी आहेत.

पेणचे वर्ष कधी सुरू होते?

पेणच्या मूर्तींना भौगोलिक मानांकन आहे. शहरातले कारखाने आणि हमरापूर, जोहे परिसरातली गावे मिळून इथे जवळपास वर्षभर मूर्तिकाम चालते. बोटीने परदेशी जायच्या मूर्ती पावसाळ्याच्या बऱ्याच आधी निघतात. व्यापारी त्यानंतर माल ठरवतात आणि घरगुती गिऱ्हाईक सगळ्यात शेवटी येते. या प्रत्येक टप्प्याला तारीख नसते. ‘चतुर्थीला इतके दिवस उरले’ हेच त्याचे मोजमाप. आणि चतुर्थी इंग्रजी तारखेला बांधलेली नाही. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि ती १९ सप्टेंबरला गेली. २०२४ मध्ये ७ सप्टेंबर, २०२५ मध्ये २७ ऑगस्ट. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ती पुन्हा पुढे सरकली आहे.

म्हणजे १० ऑगस्ट ही तारीख २०२४ मध्ये चतुर्थीपूर्वी २८ दिवस होती, २०२५ मध्ये १७ दिवस आणि २०२६ मध्ये ३५ दिवस. अहवालाच्या लेखी हे तिन्ही दिवस सारखेच. कारखान्यात मात्र एका वर्षी त्या दिवशी रंगकाम चालू असते आणि दुसऱ्या वर्षी दारात टेम्पो उभे असतात.

उपाय अगदी साधा आहे. शीटमध्ये एक रकाना वाढवायचा: ‘चतुर्थीला उरलेले दिवस’. त्या वर्षीच्या चतुर्थीच्या तारखेतून नोंदीची तारीख वजा केली की तो भरतो. मग आलेखाच्या खालच्या रेषेवर महिन्यांऐवजी हे दिवस घ्यायचे. २०२४, २०२५ आणि २०२६ च्या तीन रेषा एकावर एक येतात आणि मागणी खरोखर घटली की नुसती पुढे सरकली, हे पाहताक्षणी कळते. गूगल ॲनालिटिक्समध्ये आधीच्या काळाशी वार जुळवून तुलना करण्याची सोय आहे. तिथी जुळवण्याची अर्थातच नाही. ती ज्याची त्याने करून घ्यायची.

हा रकाना जुळवला तरी २०२५ हे वर्ष जपूनच वाचावे लागेल. पेण परिसरात शाडू आणि प्लास्टर ऑफ पॅरिस, दोन्हींचे काम चालते. पीओपी मूर्तींवरील बंदीची काटेकोर अंमलबजावणी करण्याचे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिले. मूर्ती घडवण्यास आणि विकण्यास मुभा मिळाली ती त्या वर्षीच्या जूनमध्ये, तीही नैसर्गिक जलस्रोतांतल्या विसर्जनावरील निर्बंधांसह. मधल्या महिन्यांत व्यापारी माल ठरवायला कचरला असेल, तर तो जाहिरातीचा पराभव नव्हे. अशा तारखांची नोंद आलेखाशेजारी मराठीत लिहून ठेवली नाही, तर दोन वर्षांनी तो आलेख पाहणाऱ्या मुलाला त्या खड्ड्याचे कारण कोण सांगणार?

‘स्वस्त’ जाहिरात खरेच स्वस्त असते का?

मेटाच्या अहवालात ठळकपणे दिसतो तो ‘प्रति संभाषण खर्च’, म्हणजे व्हॉट्सॲपवर एक विचारणा येण्यासाठी गेलेले पैसे. समजा, एका कारखान्याने दोन जाहिरातींवर प्रत्येकी २० हजार रुपये खर्च केले. पहिल्या जाहिरातीत भव्य मूर्तीचा व्हिडिओ आहे. तिला ४०० विचारणा आल्या, म्हणजे विचारणेमागे ५० रुपये. दुसरीत मूर्तीची उंची, माती आणि किंमत सरळ लिहिली आहे. तिला १०० च विचारणा आल्या, म्हणजे २०० रुपये. अहवाल पहिलीला चौपट स्वस्त ठरवतो. आता वहीतले आकडे शेजारी मांडा. पहिल्या जाहिरातीतून ८ जणांनी ॲडव्हान्स दिला, दुसरीतून २० जणांनी. एका नोंदणीमागे पहिलीला अडीच हजार रुपये लागले, दुसरीला एक हजार. व्हिडिओ पाहून ‘प्राइस?’ विचारणाऱ्यांनी कारागिराची संध्याकाळ खाल्ली, ती वेगळीच.

कोकणात घरचा पाट कारखान्यात नेऊन दिला की मूर्ती ठरली, असा रिवाज आहे. पाट आला का, हाच या धंद्यातला खरा प्रश्न. त्याचे उत्तर मेटाला माहीत नसते, गूगललाही नसते, कारण पाट मोबाइलवरून येत नाही. ते कारखान्याच्या वहीत असते. म्हणून अहवालातला सर्वांत मोलाचा रकाना हाताने भरावा लागतो: नाव, तारीख, ॲडव्हान्सची रक्कम आणि ‘आमच्याबद्दल कुठे कळले?’ याचे उत्तर. ते उत्तर दरवेळी अचूक नसेल. गिऱ्हाईक ‘मोबाइलवर बघितले’ एवढेच सांगेल. तरी चालेल, विचारणा आणि नोंदणी यातले अंतर एवढ्यानेही दिसते.

या रकान्यात व्यापारी आणि घरगुती गिऱ्हाईक मात्र एकत्र मोजू नयेत. एक व्यापारी २०० मूर्ती उचलतो, एक कुटुंब एक मूर्ती. दोघांना ‘दोन नोंदण्या’ म्हणणारा अहवाल निरुपयोगी.

अजून एक मेख आहे. जाहिरातीवर बोट लावल्यापासून ७ दिवसांत किंवा ती नुसती पाहिल्यापासून १ दिवसात व्यवहार झाला, तर त्याचे श्रेय जाहिरातीला, असा मेटाचा नेहमीचा हिशेब असतो. आषाढात मूर्ती आवडून ठेवणाऱ्या आणि श्रावणात पाट देणाऱ्या कुटुंबाला तो लागू पडत नाही. शिवाय एकाच गिऱ्हाइकाने इन्स्टाग्रामवरही पाहिले आणि गूगलवरही शोधले, तर दोन्ही कंपन्या त्याला आपल्या खात्यावर मांडतात. दोन अहवालांची बेरीज वहीतल्या नोंदणीपेक्षा मोठी आली, तर ती कोणाची लबाडी असेलच असे नाही. दोघांनी एकच माणूस मोजलेला असतो.

रोह्यात तिथी नाही, पाणी

रोहा तालुक्यातले गणित वेगळे आहे. धाटावच्या रसायन कारखान्यांचे गिऱ्हाईक इन्स्टाग्राम पाहून येत नाही, त्यांना इथे बाजूला ठेवू. प्रश्न आहे कोलाडच्या राफ्टिंगवाल्यांचा आणि कुंडलिकेकाठच्या रिसॉर्टचा. त्यांचे पाहुणे मुंबई-गोवा महामार्गाने किंवा पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून येतात आणि बेत चार-सहा दिवसांत ठरवतात. सात दिवसांचा हिशेब इथे बऱ्यापैकी बसतो. इंग्रजी महिनाही फारसा अडत नाही. अडतो तो वार. १५ ऑगस्ट २०२४ मध्ये गुरुवारी होता, २०२५ मध्ये शुक्रवारी आणि त्याला लागून शनिवारी दहीहंडी. २०२६ मध्ये तो शनिवारीच येतो, म्हणजे जोडसुट्टीतला एक दिवस गेला. ‘गेल्या वर्षी हाच दिवस’ ही तुलना इथे लांबच्या सुट्टीशी आखूड सुट्टीची होते.

आणि कुंडलिकेतले राफ्टिंग आभाळापेक्षा भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर चालते. पाणी नसेल त्या दिवशी बोट नाही, पण जाहिरात चालूच राहते आणि पैसे कापले जातात. म्हणून रोह्याच्या अहवालात जो रकाना हवा तो कोणत्याही तयार नमुन्यात मिळणार नाही: ‘पाणी सुटले : हो किंवा नाही’. ‘नाही’ लिहिलेल्या दिवसांचा खर्च वेगळा काढला की जाहिरात वाया किती गेली आणि कमकुवत किती होती, हे निरनिराळे दिसू लागते. पाण्याचा अंदाज आदल्या दिवशी मिळत असेल, तर जाहिरात तेवढ्यापुरती थांबवताही येते.

गावाच्या आकड्यांवर दोन्हीकडच्या व्यावसायिकांनी फार विसंबू नये. संकेतस्थळावर आलेला माणूस कुठला, हे इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावरून ओळखले जाते आणि मोबाइल नेटवर्कवर तो पत्ता अनेकदा जवळच्या मोठ्या शहराचा निघतो. ‘सगळे पाहुणे मुंबईचेच’ असे दिसले, तर पनवेल किंवा पेणमधली जाहिरात लगेच बंद करण्याचे कारण नाही. फोनवर गाव विचारणे जास्त भरवशाचे.

प्रत्येकाने हे करायलाच हवे का?

नाही. ज्याच्याकडे मोसमात जाहिरातीवरून मोजके पंधरा-वीस फोन येतात, त्याला लुकर स्टुडिओ हा रिकामा उद्योग आहे. तिथे रेघा मारलेली वही पुरते. एका जाहिरातीला ३ नोंदण्या आणि दुसरीला ५ आल्या, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही, पान कितीही रंगीत असो. साधनाची गरज सुरू होते ती विचारणा शेकड्यांत गेल्यावर आणि खर्च दोन-तीन ठिकाणी विभागला गेल्यावर.

पण चतुर्थीची तारीख सगळ्या कारखान्यांना एकच आहे. ‘उरलेले दिवस’ भरलेली एक सामाईक शीट मूर्तिकारांच्या संघटनेने एकदा तयार करून दिली, तर प्रत्येकाने ती आपल्या वहीला जोडायची, एवढेच उरते. जिल्हा उद्योग केंद्राच्या किंवा इतर कुणाच्या डिजिटल मार्केटिंगच्या वर्गात रील कसे करायचे हे शिकवण्याआधी हे शिकवले, तर कारखान्यांचा पैसा वाचेल. रील तर आता घरातली पोरे करतातच.

खात्याचा मालक कोण, हेही तपासून घेतलेले बरे. अनेकदा जाहिरातीचे खाते एजन्सीच्या नावे असते आणि कारखानदाराला दर महिन्याला फक्त पीडीएफ मिळते. एजन्सी बदलली की तीन मोसमांची माहिती तिच्याबरोबर जाते. खाते कारखान्याच्या ईमेलवर उघडून एजन्सीला काम करण्यापुरती परवानगी देता येते. ही मागणी पहिल्या बैठकीतच करावी. मोसम संपल्यावर ती भांडण वाटते.

वर्षातून एकदाच पिकणाऱ्या धंद्याला गूगल ॲनालिटिक्सची एक मुदत विशेष नडते. त्याची तयार पाने जुने एकत्रित आकडे दाखवत राहतात. पण हवी तशी चिरफाड करण्यासाठी जो ‘एक्सप्लोरेशन’ विभाग आहे, त्यातली तपशीलवार माहिती मुळात २ महिनेच ठेवली जाते. सेटिंग बदलून ती मुदत फुकट खात्यात १४ महिन्यांपर्यंत नेता येते, मात्र आधीच पुसलेले परत येत नाही. आणि १४ महिनेही तोकडेच पडतात: १४ सप्टेंबर २०२६ ला मागे पाहिले, तर जुलै २०२५ च्या मध्यापर्यंतच पोहोचता येईल. त्याआधी ठरलेला व्यापाऱ्यांचा माल त्या नजरेबाहेर गेलेला असेल. त्यामुळे मुदत आजच वाढवून ठेवावी, आणि अनंत चतुर्दशी उलटली की कारखाना झाडण्याच्या दिवसांतच मोसमाचे सगळे आकडे आपल्या शीटमध्ये उतरवून घ्यावेत, त्या वर्षीची चतुर्थी कोणत्या तारखेला होती ते वर लिहून.