युद्धपूर्व लॉफ्ट, विक्रीसाठी

घरविक्रीची जाहिरात हा एक वाङ्मयप्रकार मानला, तर त्याचे मर्म विशेषणांत असते. न्यूयॉर्कच्या सोहो भागातील सदनिकांच्या जाहिराती वाचताना हे विशेष जाणवते. ‘युद्धपूर्व’, ‘मूळचे लोखंडी खांब’, ‘उंच छत’, ‘भरपूर प्रकाश’, ‘गजबजलेली वस्ती’. यांतले प्रत्येक विशेषण खरे असते, आणि तरीही सगळी मिळून काहीतरी दडवतात, असे आम्हाला वाटते.

‘लॉफ्ट’ हा शब्दच पाहा. मराठी घरात लॉफ्ट म्हणजे छताखालची, जादा भांडी नि बॅगा कोंबण्याची जागा. सोहोतला लॉफ्ट म्हणजे कारखान्याचा वा गोदामाचा सबंध मजला. बिडाच्या दर्शनी भागांच्या तिथल्या बहुतेक इमारती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या. हातातल्या कामावर उजेड पडावा म्हणून खिडक्या मोठ्या. माल रचता यावा म्हणून छत उंच. मधल्या भिंतींची अडचण नको म्हणून खांब. आज ज्याला आपण सौंदर्य म्हणतो, ती कामाची गरज होती. तिथून जवळच, अशाच कारखानदारीच्या लॉफ्ट-इमारतीत १९११ साली ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागून १४६ कामगार दगावले. त्यांत बहुसंख्य स्थलांतरित कुटुंबांतल्या तरुण मुली होत्या. ‘युद्धपूर्व’ या शब्दात हा काळही येतो. जाहिरातीत तो येत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : श्रीमंत आले म्हणून तर या इमारती वाचल्या! इतिहास मात्र वेगळे सांगतो. रॉबर्ट मोझेस यांच्या नियोजित द्रुतगती महामार्गाखाली हा भाग जाणार होता. चेस्टर रॅपकिन यांच्या १९६३ च्या अहवालाने इथले छोटे उद्योग जिवंत असल्याचे दाखवून दिले. जेन जेकब्ज आणि रहिवाशांनी लढा दिला. १९६९ मध्ये योजना बारगळली. तोवर रिकाम्या मजल्यांवर कलावंत बेकायदा राहू लागले होते. १९७१ मध्ये शहराने त्यांना मान्यता दिली. मुख्य अट अशी, राहणारा प्रमाणित कलावंत हवा. १९७३ मध्ये परिसराला वारशाचा दर्जा मिळाला. म्हणजे इमारती वाचल्या त्या आधी. मोठा पैसा आला तो नंतर.

कलावंतांनाही आम्ही निखळ नायक मानत नाही. शेरॉन झुकिन यांनी ‘लॉफ्ट लिव्हिंग’ (१९८२) या ग्रंथात या स्थित्यंतरामागचा मालमत्तेचा व्यवहार उलगडून दाखवला आहे. कलावंतांच्या पाठोपाठ भाडी चढली, आणि उरलेले कारखानदार, कामगार व पुढे बरेचसे कलावंतही बाहेर पडले. तरीही १९७१ च्या नियमात एक मोलाचे तत्त्व होते : जागेवरचा हक्क तिथे चालणाऱ्या कामाशी बांधलेला होता. वारशाच्या कायद्याने खांब जपले. या नियमाने, अपुरेपणाने का होईना, खांबांशेजारचे काम जपू पाहिले. त्याची अंमलबजावणी पुढे सैल होत गेली, आणि २०२१ च्या नव्या नियोजनाने कलावंत नसलेल्यांच्या वास्तव्यालाही अधिकृत वाट करून दिली.

हे मराठी वाचकाला परके वाटू नये. न्यूयॉर्कमध्ये लॉफ्टमधल्या भाडेकरूंना संरक्षण देणारा कायदा झाला तो १९८२ मध्ये. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढे गिरण्यांच्या आवारांत मॉल आणि मनोरे उभे राहिले. कुठे चिमणी राखली गेली. तिच्याखालचा कामगार राखला गेला नाही.

जाहिरातीने हे सारे सांगावे, अशी आमची अपेक्षा नाही. विकणे हे तिचे काम. पण वारसा ठरवणाऱ्यांनी आणि आपण वाचकांनी तिची भाषा उसनी घेऊ नये. विटा आणि बीड जपले की इतिहास जपला, ही समजूत सोयीची आहे, आणि अपुरीही. ‘भरपूर प्रकाश’ असे वाचले की, तो कोणाच्या हातांवर पडावा म्हणून ती खिडकी घडवली गेली, हा प्रश्न विचारायलाच हवा.